डाव्या कडेला बिरूच का, आप्पा?

आप्पा,

गेल्या आठवड्यात तुम्हाला बसवून नेलं. तुमच्या लोकांची रीतच तशी, हे मला माहीत होतं. तरी डोळ्यांना ते चमत्कारिक वाटलं. अंत्ययात्रेचं सजवलेलं विमान, कपाळाला विभूती, डोक्याला तुमचा नेहमीचा रुमाल, आणि मान जराशी कललेली, समोरच्याचं म्हणणं पटलं नाही की कलायची तशी. मैदानाच्या कडेला ठेवलेल्या खुर्चीवर जो माणूस कधी टेकला नाही, तो सगळ्या सोलापुरातून बसून चालला होता. "बसा की हो आप्पा, तुम्ही उभे राहिलात म्हणून गोल होत नाही," असं मी तुम्हाला प्रत्येक सामन्याला म्हणायचो. अखेर ऐकलंत.

मला रडू आलं नाही. हायसं वाटलं. हे वाक्य कुणासमोर बोललो तर लोक माझ्याकडून औषध घ्यायचं बंद करतील, म्हणून तुम्हालाच सांगतो. पावसाळ्याच्या अखेरीपासून तुम्हाला आडवं होता येत नव्हतं. पाठीला उशा, पुढ्यात पाट, पाटावर कोपर, आणि श्वास असा की जिन्याच्या पहिल्या पायरीवर मला ऐकू यायचा. गिरणीचा डॉक्टर म्हणून मी थेंब मोजून देत होतो आणि तुम्ही ते घेत होतात. त्या थेंबांवर आपल्या दोघांपैकी कुणाचाच विश्वास नव्हता, पण एकमेकांना तसं सांगणं शिष्टाचारात बसत नव्हतं. तुम्ही गेलात त्या दुपारी तो आवाज थांबला. तुमच्या पत्नी, अक्का, दारात आल्या. म्हणाल्या, "घर केवढं गप्प झालं बघा, डॉक्टर." दुसऱ्या दिवशी मी गेलो तर हळू आवाजात म्हणाल्या, "मला आज झोप लागली हो. दुपारभर. लाज वाटली उठल्यावर."

मी म्हटलं, "मलाही लागली."

त्यांना बरं वाटलं असावं. मला तर वाटलंच.

काल गिरणीत शोकसभा झाली. मॅनेजरसाहेबांनी तुम्हाला "गिरणीच्या क्रीडाजीवनाचा आधारस्तंभ" म्हटलं. तुमचं शिक्षण चुकीचं सांगितलं, वय चुकीचं सांगितलं, आणि तुमच्या "शिस्तप्रिय, आज्ञाधारक स्वभावा"चा गौरव केला तेव्हा साचेखात्यातली माणसं खाली बघायला लागली. साचे म्हणजे माग, आणि साचेखातं म्हणजे कापड विणण्याचं खातं. तुम्ही तिथले वीव्हिंग मास्तर, आणि तिथल्या प्रत्येकाला ठाऊक की साहेबांनी काढलेला एकही हुकूम तुम्ही जसाच्या तसा खाली जाऊ दिला नाही. मागच्या रांगेतला एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "ह्ये कुनाबद्दल बोलत्यात?" तुम्ही असतात तर तुम्हीही हेच विचारलं असतंत.

म्हणून हे लिहायला बसलो. जन्म, शिक्षण, सेवा वगैरे साहेबांनी उरकलं आहे. मला तुमच्याशी फक्त आपला वाद पुढे चालवायचा आहे. त्यात परवाच्या रविवारनंतर असं काही घडलं आहे की ते तुमच्या कानावर घातल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

सुरुवात आठवते? आषाढातली सकाळ होती, साहेबांच्या खोलीत आपण तिघं होतो. गिरणीच्या फुटबॉलच्या चमूची निवड आपण तिघांनी करायची असा प्रघात. म्हणजे साहेबांनी बोलायचं, मी आकडेमोड करून विरोध करायचा, आणि तुम्ही खिडकीतून बाहेर बघत शेवटी आपल्या मनाचं करायचं. त्या दिवशी साहेब खुशीत होते. बंगळूरहून, पलटणीच्या चमूत खेळलेला एक सेंटर त्यांनी मिळवला होता. नाव मुनुस्वामी. सीझन सुरू व्हायच्या आत येणार, त्याची साचेखात्याच्या हजेरीपटावर विणकर म्हणून नोंद होणार, आणि तो विणणार काहीही नाही. आपल्या गिरणीत खेळाडू असेच ठेवले जात. हजेरीपटावर विणकर, प्रत्यक्षात मैदानावर. पगार मात्र खरा.

"पण," साहेब म्हणाले, "मुंबईचे डायरेक्टर कुरकुर करतायत. खेळासाठी माणसं पोसू नका म्हणतात. तेव्हा यंदा डिसिप्लिन. अकरांत ज्याचं नाव, त्याचंच हजेरीपटावर नाव. बाकीच्यांनी दसऱ्यानंतर आपला रस्ता बघावा."

आपल्या दोघांच्याही डोळ्यांपुढे एकच माणूस आला. बिरू.

बिरू तोवरचा आपला सेंटर. वळसंगाकडचा धनगर. मेंढरं हाकताना पळायचा ते पळणं बघून तुम्हीच त्याला उचलून आणलं होतंत. त्यानं मेंढरं विकली, बायको, आई आणि दोन लेकरं घेऊन गिरणीच्या चाळीतल्या खोलीत आला, येताना एक शेळी तेवढी आणली, आणि चार-पाच सीझन गोल मारून गिरणीचं नाव केलं. आता त्याचा उजवा गुडघा पाण्यानं भरायचा. मी तो दोनदा रिकामा केला होता. मुनुस्वामी आला म्हणजे बिरू सेंटरला नाही, आणि सेंटरला नाही म्हणजे दुसरीकडे कुठं शोभणारही नाही. मेंढरं गेलेली, विणकाम येत नाही, खोली गिरणीची. दसऱ्यानंतर त्यानं जायचं कुठं?

तुम्ही कोटाच्या खिशात हात घातलात. तुमच्या खिशात नेहमी कांड्या असायच्या, धोट्यात घालायच्या सुताच्या. त्यातल्या पाच काढून तुम्ही साहेबांच्या गुळगुळीत टेबलावर ओळीनं उभ्या केल्यात. फुटबॉलची पुढची फळी म्हणजे पाच जण: मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांना दोन आतले, आणि टोकांना दोन कडेचे. तुम्ही मधली कांडी बोटानं दाबलीत. "मुनुस्वामी." डाव्या आतल्या कांडीवर बोट ठेवलंत. "नरसय्या." नरसय्या म्हणजे तुमच्याच खात्यातला पद्मशाली विणकर, पायात चेंडू आला की जाऊ न देणारा. मग सगळ्यात डावीकडची कांडी उचललीत, जराशी बाहेर सरकवलीत आणि म्हणालात, "बिरू."

मी हसलो. मला वाटलं, तुम्ही थट्टा करताय.

"आप्पा, बिरूचा डावा पाय कुठल्या कामाचा? त्यानं फक्त उभं राहायला ठेवलाय तो."

"उभं राहणं काय कमी आहे?"

"डाव्या कडेचा माणूस सगळ्यात वेगानं पळायला लागतो. कडेनं धावत जाऊन डाव्या पायानं चेंडू मध्ये मारायला लागतो. तुमचा बिरू गुडघा धरून धावतो आणि चेंडू उजव्या पायावर घ्यायला थांबतो. तेवढ्यात समोरचे जेवून येतील."

"बिडरी हो, डॉक्टर," तुम्ही म्हणालात. वाद नको असला की तुम्ही कानडीत जायचात. "सोडा हो" एवढाच अर्थ, पण तो शब्द तुमच्या तोंडून दार लावल्यासारखा यायचा.

साहेबांना फळीत फारसा रस नव्हता. बंगळूरचा सेंटर मधोमध उभा राहून फोटोत दिसला म्हणजे झालं. त्यांनी मान डोलावली. बिरूचं नाव अकरांत राहिलं आणि मी पावसाळाभर तुमच्याशी भांडायला मोकळा झालो.

भांडलोही. मुंबईहून मागवलेलं फुटबॉलचं जाड इंग्रजी पुस्तक मी तुमच्याकडे घेऊन यायचो. त्यात डाव्या कडेच्या खेळाडूवर एक अख्खं प्रकरण होतं. मी वाचून दाखवायचो, तुम्ही शेंगाची चटणी आणि कडक भाकरी माझ्यापुढे सरकवायचात. मी म्हणायचो, बिरूला मागे घ्या, बचावात उभा करा, तिथं पळायला कमी. तुम्ही म्हणायचात, बचावातला माणूस चुकला की गोल होतो, सगळ्यांना दिसतं. मी म्हणायचो, मग कडेला चुकला तर? तुम्ही म्हणायचात, कडेला चुकला तर चेंडू बाहेर जातो, एवढंच. मी म्हणायचो, हे काय उत्तर झालं? तुम्ही म्हणायचात, चटणी घ्या.

मला तेव्हा कळायला हवं होतं की हेच उत्तर होतं. पण माझ्यापुढे पुस्तक उघडं होतं.

बुटांचं प्रकरण मात्र मी तुम्हाला आजही माफ करत नाही. मुनुस्वामी आला तो चामड्याची बॅग, शिट्टी आणि खिळ्यांचे बूट घेऊन. माणूस साधा होता, मितभाषी. पण त्याचे बूट बघून साहेबांचं डोकं फिरलं. सगळ्या अकरांना बूट! आपली पोरं तोवर घोट्याला चिंधी बांधून अनवाणी खेळायची, काळ्या मातीच्या भेगांत पाय अडकायचे, पण ते त्यांना सवयीचं होतं. बूट आले ते दगडासारखे कडक. साहेबांनी फोटोग्राफर ठरवला, आणि तुम्ही साचेखात्यातनं निरोप धाडलात की बुटांना चरबी चोळून मऊ करा. निरोप गेला खळीच्या खात्याकडे. ताण्याच्या सुताला लावायच्या खळीत चरबी असते, म्हणून चरबीचा साठा तिथंच. तिथल्या जॉबरनं, म्हणजे मुकादमानं, विचार केला, चोळत कोण बसणार? अकराच्या अकरा जोड त्यानं शिजलेल्या खळीच्या हौदात बुडवले आणि पत्र्यावर उन्हात वाळत घातले.

फोटोच्या दिवशी ते बूट बघून तुमचा चेहरा झाला होता तो अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. पांढुरके, ताठ, वाजवले की दारासारखे वाजणारे.

"अरे, खळीत बुडवलेस?"

"चरबी त्यातच हाय की, मास्तर," जॉबर म्हणाला. "आनी तुमीच म्हनता, खळीबिगर काय टिकत न्हाय."

मुनुस्वामीनं एक बूट हातात घेतला, नखानं टिचकी मारली. "साब, ये तो लकडी हो गया." मग कुणाला वाईट वाटू नये म्हणून घाईनं पुढं म्हणाला, "मजबूत है."

त्या फोटोत अकराही जण पाय फाकवून उभे आहेत, घोटा वळत नव्हता म्हणून. साहेबांना ती ऐट वाटली. त्यांनी तो फोटो मोठा करून खोलीत लावला आहे. शोकसभेत तुमच्या तसबिरीमागं तोच होता. मी तुमच्याकडे बघायचं टाळत होतो ते दुःखानं नव्हे, हसू येईल म्हणून.

मग बिरू सरावाला उशिरा यायला लागला.

सराव चारला. बिरू यायचा तो सगळ्यांचं धावणं झाल्यावर, केसांत कापसाचे तंतू, डोळे लाल. मी चौकशी केली तर नरसय्या म्हणाला, "मास्तरच ठेवतेत त्याला." मी तडक तुमच्याकडे आलो. तुम्ही म्हणालात, होय, दुपारी साच्यावर उभा करतो.

"कशाला?"

"दोन साच्यांच्या मधल्या बोळात चालायला शिकला ना, की कडेनं पळायचं कळतं. अरुंदात पाय नीट पडतात."

"आप्पा, हे तुम्ही मला सांगताय? मला?"

"पुस्तकात नाही का?"

"पुस्तकात मूर्खपणासाठी प्रकरण नाही."

तुम्ही हसलात, आणि त्या हसण्यात पहिल्यांदा तो शिट्टीसारखा आवाज आला. मी लगेच छातीला नळी लावली आणि आपला विषय बदलला. पुढं पुष्कळदा असंच झालं. वादाच्या ऐन रंगात मला तुमचा श्वास ऐकू यायचा आणि मी गप्प व्हायचो. तुम्ही ते ओळखलं होतंत. दोनदा तर मुद्दाम खोकलात.

एकदा मी साचेखात्यात येऊनच बघितलं. मला तिथं यायला आवडत नाही. शेकडो साचे एकदम चालू असतात तिथं माणसाचं बोलणं म्हणजे नुसतं तोंड हलणं. तुमचे विणकर ओठांवरून आणि बोटांवरून बोलतात हे मला ऐकून माहीत होतं, बघितलं नव्हतं. नरसय्या आपल्या दोन साच्यांमध्ये उभा. त्याच्या पलीकडच्या साच्यावर बिरू, धोटा हातात, कपाळाला आठ्या. तार तुटली. नरसय्यानं तिकडून ओठ हलवले, दोन बोटं उचलली, बिरूनं साचा थांबवला, वाकला, तुटलेलं टोक शोधून गाठ मारली, परत चालू केला. नरसय्यानं पुन्हा काहीतरी ओठ हलवले आणि बिरू मोठ्यानं हसला. हसणंही ऐकू आलं नाही, दात तेवढे दिसले. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही दाराशी उभे होतात, अर्थातच उभे, आणि तुम्ही बिरूकडे ज्या नजरेनं बघत होतात ती मी मैदानावर कधी बघितली नव्हती.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "ठीक आहे, एकमेकांशी न बोलता कळतं त्यांना. नरसय्या डावा आतला, बिरू डाव्या कडेला, ओरडावं लागणार नाही. हा तुमचा डाव?"

तुम्ही म्हणालात, "तुम्हाला पटतंय ना? मग हाच."

मी घरी येऊन पुस्तकाच्या समासात लिहिलं की आप्पांची कल्पना अगदीच टाकाऊ नाही. बघा, तुम्ही मला किती सहज गुंडाळलंत.

मग तुम्ही आजारी पडलात ते उठलाच नाहीत. मी रोज यायचो. वाद होत नव्हता, कारण वादाला दोन्ही बाजूंना श्वास लागतो. शेवटच्या आठवड्यात एका सकाळी तुम्ही मला खूण करून जवळ बोलावलंत. प्रत्येक शब्दाला थांबत विचारलंत, "डावीकडे... कोण?"

"तुमचाच. बिरू."

"पहिल्या... सामन्याला?"

"हो. पहिल्या सामन्याला."

तुम्ही डोळे मिटलेत. मला विचारायचं होतं, एवढं काय आहे त्या डाव्या कडेत? मरताना माणसं देवाचं नाव घेतात, तुम्ही फळी विचारताय. पण तुम्ही थकला होतात, आणि अक्का पेज घेऊन आल्या. विचारायचं राहिलं. मी ठरवलं की तुम्ही गेल्यावर बिरूला वाचवण्याचं काम माझं. त्याचा खेळ पुसलेल्या पाटीसारखा झाला असला तरी चालेल, मी साहेबांशी भांडेन. पटत नसलेल्या बाजूनं भांडायची तयारी मी कधी केली नव्हती. तुमच्यासाठी केली.

पहिला सामना रविवारी झाला, तुम्हाला नेल्यानंतर. साहेबांनी पुढं ढकलला नाही. दंडाला काळी फीत बांधली की झालं. तर आप्पा, तुमची फळी हरली, हे मी तुम्हाला कळवतो. सपशेल हरली. मुनुस्वामीनं एक गोल केला तो एकट्याच्या बळावर. दुसऱ्या गिरणीची पोरं एकमेकांना हाका मारत, शिव्या देत खेळत होती, आपली गप्प. नरसय्या आणि बिरू तर मुक्यासारखे. एकदा, फक्त एकदा, नरसय्यानं मान न वळवता बाहेरच्या अंगाला चेंडू सोडला आणि बिरू तिथं होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पण उभा राहिलो, खुर्ची सोडून, हे लक्षात घ्या. बिरू धावला, थांबला, चेंडू उजव्या पायावर घेतला, आणि मी पावसाळाभर सांगत आलो तसं, समोरचे जेवून आले.

कडेला उभा असलेला एक जण ओरडला, "अरं म्हशीला पानी दाव!"

सामना संपल्यावर साहेब माझ्याजवळ आले. "डॉक्टर, डावी कड बदलायची. उद्या बसू या."

सोमवारी सकाळी मी दवाखान्यात बसून भाषण जुळवत होतो. गुडघा सुधारतोय, नरसय्याशी त्याचा मेळ बसतोय, एका सामन्यावरून माणूस काढू नये, त्याच्या पाठीशी लेकरं आहेत, आप्पांची शेवटची इच्छा. हा शेवटचा मुद्दा मला अप्रामाणिक वाटत होता, पण साहेबांवर तोच चालला असता. मनातून मी हरलोच होतो. दसऱ्यानंतर खोली रिकामी करणारा बिरू मला दिसत होता. तेवढ्यात बिरूच दारात उभा राहिला.

"डॉक्टर, हायसा व्हय?"

"ये. गुडघा?"

"न्हाय, गुडगा बरा हाय." तो आत आला, बसला नाही. "यक काम हुतं. मला त्या फळीतनं काढा की."

मी ऐकलं, पण समजलं नाही. त्याला वाटलं मला ऐकू गेलं नाही, म्हणून तो मोठ्यानं म्हणाला, "डावीकडनं. काढा मला. लई झालं."

"अरे, तुला काढलं तर हजेरीपटावरनं नाव जाईल. साहेबांचा हुकूम आहे."

"फुटबॉलवाल्याचं जाईल की. माजं आता खऱ्या इनकरात हाय." त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरत गेलं. "गेल्या म्हैन्यात जॉबरनं दोन साचं दिलं मला. माजं मला. कापड उतरतंय, पास हुतंय. सरावाला आलो की बदलीवाला उभा ऱ्हातो, त्यो सूत तोडतो, दंड माज्यावर पडतो. आनी काल त्ये म्हशीचं तुमी बी ऐकलासा न्हव?"

"ऐकलं."

"खरंच बोलला त्यो. माजा डावा पाय कुटं चालतोय? पयल्यापसनं ठावं हाय मला."

"मग खेळलास कशाला? मास्तरांना सांगायचंस."

"मास्तरनीच सांगितलं हुतं की." बिरू माझ्याकडे बघत राहिला, मला एवढं कसं माहीत नाही याचं त्याला नवल वाटलं. "म्हनले, बिरू, अकरात नाव ऱ्हावं म्हून तुला कडंला उबा करतो. तितं लई नुसकान हुनार न्हाय. सीझन लागस्तोवर साचा शिक. पयला सामना खेळ, म्हंजी शिकस्तोवर नावाला धक्का न्हाय. आनी मंग डॉक्टरकडं जा, त्यानला सांग मला काढा. म्हनले, डॉक्टर त्येचीच वाट बगत्यात, लई खूश हुतील."

मी खूश झालो का, आप्पा? पहिल्या क्षणी मला तुमच्या मानेला धरून हलवावंसं वाटलं. म्हणजे माझं बरोबर होतं. आषाढातल्या त्या सकाळपासून माझं बरोबर होतं, आणि हे तुम्हाला ठाऊक होतं. दोन साच्यांमधला बोळ, ओठांवरचं बोलणं, बिडरी हो डॉक्टर, सगळं नुसतं वेळ काढायला. पावसाळाभर मी तुम्हाला पटवून देत होतो आणि तुम्ही आधीच पटलेले. मला का सांगितलं नाहीत? सांगितलं असतंत तर मी मदत केली असती. की मी साहेबांच्या खोलीत खोटं बोललो असतो तर ते माझ्या तोंडावर दिसलं असतं, म्हणून? की मी मनापासून विरोध करत राहावं, म्हणजे कुणाला संशय येऊ नये? दुसरं खरं असेल तर तुम्ही माझा प्रामाणिकपणा एखाद्या कांडीसारखा खिशात घालून फिरलात, हवा तेव्हा टेबलावर उभा केलात. याबद्दल मला तुमच्याशी भांडायचं होतं. ते आता राहिलं.

पण बिरू समोर उभा होता, केसांत कापूस, दंडाची काळजी, पाळीची घाई. त्याच्याकडे बघताना माझ्या छातीवरचं काहीतरी उतरून गेलं. दसऱ्यानंतर खोली रिकामी होणार नव्हती. माझं भाषण कुणाला लागणार नव्हतं.

"साहेबांना सांगतो," मी म्हटलं.

"सांगा की. माज्या फुडं न्हाय पर. मला भोंग्याच्या आत पोचाय पायजे."

साहेबांच्या खोलीत मी एकटाच गेलो. ते माझ्या विरोधाची तयारी करून बसले होते. पुढ्यात कागद, कपाळाला आठी. मी म्हटलं, डाव्या कडेला बिरू शोभत नाही, बदलू या. त्यांनी चष्मा काढला.

"तुम्ही पहिल्यापासून हेच सांगत होतात, डॉक्टर. आप्पांनी ऐकलं नाही. चांगला माणूस, पण फुटबॉल काही कळला नाही त्यांना. आणि हट्टी."

"हो," मी म्हणालो, "हट्टी होते. फुटबॉल काही कळला नाही त्यांना."

आप्पा, इतक्या निवांत मनानं मी आयुष्यात कधी खोटं बोललो नव्हतो.